घरचं बियाणं: एका तालुक्याच्या नमुना सर्वेक्षणाच्या नोंदी

४ एप्रिल २०२४

कंपनीच्या संचालकांसोबत दुपारभर बैठक झाली. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्यातली शेतकरी उत्पादक कंपनी आहे. बियाणं साठवायला गोदाम बांधायचं की नाही, हे तिला ठरवायचंय. त्यांचा प्रश्न एका ओळीचा होता: "तालुक्यात सोयाबीनचं घरचं बियाणं किती टक्के लोक वापरतात?"

या ओळीतला प्रत्येक शब्द आधी फोडावा लागणार. लोक म्हणजे सातबाऱ्यावरचे खातेदार, की घर, की एकर? दोन एकरवाला आणि वीस एकरवाला, दोघंही एकेकच मोजायचे का? 'वापरतात' म्हणजे गेल्या खरिपात वापरलं, की या मृगात वापरणार? बोलता बोलता तीन गोष्टी पक्क्या झाल्या. पहिली, २०२३ च्या खरिपात सोयाबीन पेरलेल्या घरांपैकी किती घरांनी घरचं बियाणं पेरलं. दुसरी, सोयाबीनच्या एकूण क्षेत्रापैकी किती क्षेत्रावर ते पडलं. तिसरी, या मे महिन्यात घरात बियाणं म्हणून राखून ठेवलेल्या सोयाबीनची उगवण किती आहे.

एका संचालकांनी सुचवलं, "आपल्या सभासदांची यादी आहेच, फोन लावून विचारू. चार दिवसांत काम होईल." मी ठाम नाही म्हटलं. बियाणं निवडायचं आणि साठवायचं प्रशिक्षण सभासदांनीच घेतलेलं आहे, ते बैठकांना येतात, त्यांच्याकडे ताडपत्री आहे, चाळणी आहे. त्यांना विचारून जो आकडा येईल तो सभासदांचा असेल, तालुक्याचा नाही. आणि हजार फोन केले तरी तो तालुक्याचा होणार नाही. नमुना मोठा केला की आकड्याची डळमळ कमी होते, कल तसाच राहतो. तालुक्यातल्या प्रत्येक सोयाबीनवाल्या घराला निवडलं जाण्याची काहीतरी संधी हवी आणि ती संधी किती, हे आपल्याला लिहून दाखवता आलं पाहिजे. माझी अट एवढीच. त्यांनी मान्य केली.

११ एप्रिल

याद्यांचा दिवस.

ई-पीक पाहणीची नोंद २०२१ पासून राज्यभर सुरू आहे. कोणत्या गटात कोणतं पीक हे तिथे असतं, त्यामुळे पहिल्या नजरेत हीच यादी सोयीची वाटते. पण ती गट आणि खात्यांची यादी आहे. एका घराची तीन गटांत जमीन असेल तर ते घर तीनदा निवडलं जाऊ शकतं. सामाईक खात्यात चार भावांची नावं असतात आणि चुली चार असतात. आणि बटईनं करणारा माणूस, जो स्वतः बियाणं आणतो आणि पेरतो, तो सातबाऱ्यावर नसतोच. आमचा प्रश्न बियाण्याबद्दल आहे, त्यामुळे बटईदार सुटला तर प्रश्नाचा एक मोठा तुकडाच सुटतो.

ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीची नोंदवही, घरं दाखवते. शेतात राहायला गेलेल्या कुटुंबाचं गावातलं बंद घर तिथे दिसतं, शेतावरचं पत्र्याचं घर बहुधा दिसत नाही.

म्हणून दोन टप्पे. पहिल्या टप्प्यात गावं निवडायची, त्यासाठी जनगणनेतली गाववार घरसंख्या. ती २०११ ची आहे. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली, तिथून अजून नवी यादी नाही. तेरा वर्षांत गावं वाढली, काही आटली, लातूर-पुण्याला माणसं गेली. पण पहिल्या टप्प्यासाठी हा आकडा जुना असला तरी चालतो, कारण तो फक्त गावाची संधी ठरवतो आणि ती संधी आपल्याला नेमकी ठाऊक असते. जुनेपणाने अंदाज थोडा सैल होतो, वाकडा होत नाही. फक्त २०११ नंतर वेगळं महसुली गाव झालेलं असेल तर ते मूळ गावात मिळवून घ्यायचं. दुसऱ्या टप्प्यात निवडलेल्या गावात आम्ही स्वतः फिरून घरयादी करायची, आजची.

'घर' म्हणजे एक चूल. जनगणनेतही तेच धरतात.

१८ एप्रिल

नमुना किती मोठा? संचालक मंडळात कुणीतरी ३८४ हा आकडा ऐकून आलं होतं. तो आकडा खोटा नाही: निम्मे-निम्मे असलेल्या गोष्टीचा अंदाज अधिक-उणे ५ टक्के हवा, ९५ टक्के खात्रीने, तर १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.००२५, म्हणजे ३८४. पण हे गणित सगळ्या तालुक्यातली घरं एका घमेल्यात घालून एकेक चिठ्ठी उचलली तर लागू. आम्ही गावात जाऊन एकदम दहा-वीस घरं घेणार.

आणि एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात. बियाण्याच्या बाबतीत तर फारच. एखाद्याच्या शेतात फुले संगम हे वाण चांगलं आलं की पुढच्या वर्षी भावकीत, शेजारात तेच फिरतं. एखाद्या गावाला रस्त्यालगत कृषी सेवा केंद्र असतं, उधारी मिळते, की अर्धं गाव बॅगच आणतं. त्या गावातल्या विसाव्या घराला विचारून नवं फारसं कळत नाही.

हे सारखेपण एका आकड्यात पकडतात, गावांतर्गत सहसंबंध. तो ०.१ धरला तर डिझाइन इफेक्ट (गावागावाने घरं घेतल्यामुळे नमुन्याचं बळ किती पट घटतं तो आकडा) म्हणजे १ अधिक (गावामागची घरं वजा १) गुणिले ०.१. एकूण ४०० घरांचं काम आम्हाला परवडतं. ती ४०० घरं कशी वाटायची याची तीन गणितं मांडली.

१० गावं, प्रत्येकी ४० घरं: इफेक्ट ४.९. चारशे घरांचं बळ जेमतेम ८२ घरांएवढं उरतं आणि अंदाज अधिक-उणे १०.८ टक्के.

२० गावं, प्रत्येकी २० घरं: इफेक्ट २.९, अधिक-उणे ८.३.

४० गावं, प्रत्येकी १० घरं: इफेक्ट १.९, अधिक-उणे ६.८.

घरं तेवढीच, फॉर्म तेवढेच, पण गावं चौपट केली की आकडा कितीतरी घट्ट होतो. खर्च वाढतो तो डिझेलचा आणि घरयादीचा. लसीकरणाच्या सर्वेक्षणात जागतिक आरोग्य संघटनेची ३० गावं आणि प्रत्येकी ७ मुलं ही पद्धत वर्षानुवर्षं चालली, तिच्यामागे हाच हिशेब होता: गावं भरपूर, गावात थोडे.

संचालकांना हा तक्ता दाखवला. त्यातल्या एक ताई लगेच म्हणाल्या, "म्हणजे एका गावात बसून राहण्यापेक्षा फिरलेलं बरं." ४० गुणिले १० ठरलं. अधिक-उणे ५ मिळणार नाही हेही त्याच वेळी सांगून लिहून घेतलं. गोदामाच्या निर्णयाला ७ टक्क्यांची सैलता चालते. गरज नसलेल्या अचूकतेवर कंपनीचे, म्हणजे शेतकऱ्यांचे, पैसे घालायचे नाहीत.

२५ एप्रिल

गावांची सोडत.

आधी गावं ओळीत लावली: पहिल्यांदा मांजरेच्या काठची ऊसपट्ट्यातली, मग माळावरची कोरडवाहू, आणि प्रत्येक गटात भूगोलाच्या क्रमाने, सलग. मग घरसंख्येची चढती बेरीज. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून इथे गोल आकडे लिहिते: एकूण ४८,००० घरं, ४० गावं, तर पल्ला १,२००. १ ते १,२०० मधला एक यादृच्छिक आकडा काढायचा, समजा ४३७. मग ४३७, १,६३७, २,८३७ असं पुढे जायचं. हे आकडे ज्या ज्या गावाच्या बेरजेत पडतील ती गावं आपली. ३०० घरांच्या गावाची संधी ३०० भागिले १,२००, म्हणजे चारात एक. ६०० घरांच्या गावाची दोनात एक. गावं क्रमाने लावल्यामुळे नदीकाठ आणि माळ यांचा वाटा आपोआप प्रमाणात आला, वेगळे कोटे पाडावे लागले नाहीत.

कोणत्या पट्ट्यात जास्त नमुना टाकायचा याचं एक सुंदर गणित आहे. संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी १९३४ मध्ये ते मांडलं: जिथे संख्या जास्त आणि चढउतार जास्त तिथे नमुना जास्त. पण चढउतार आधीच कुठे माहीत असतो? तो छोट्या प्राथमिक नमुन्यावरून काढला तर काय होतं, याचा विचार नेमन यांच्याच हाताखाली लंडनमध्ये शिकणाऱ्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९३५ मध्ये केला. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. आपल्याकडच्या पीक कापणी प्रयोगांचा संख्याशास्त्रीय पाया घालणाऱ्यांत त्यांचं आणि वि. गो. पानसे यांचं नाव पहिलं येतं. आमच्या बाबतीत प्रश्न टक्केवारीचा आहे. दोन्ही पट्ट्यांत टक्केवारी ३० ते ७० च्या मध्ये कुठेही असली तर चढउतार जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे त्या गणितातून फायदा फारसा निघत नाही. प्रमाणात वाटणी पुरे.

सोडत कंपनीच्या कार्यालयात सगळ्यांसमोर काढली. आपलं गाव आलं नाही म्हणून दोघं नाराज झाले. "आमचं गाव बियाण्यासाठी नावाजलेलं आहे, ते घ्याच." नावाजलेलं आहे म्हणूनच ते हाताने घालता येत नाही. हे समजावायला वेळ लागला, पण लागायलाच हवा होता. नंतर आकडा कुणी मानला नाही तर हीच सोडत पुढे करायची आहे.

२ मे

प्रश्नावलीची चाचणी, नमुन्यात नसलेल्या एका गावात.

पहिला मसुदा विचारत होता: "तुम्ही घरचं बियाणं वापरता का?" जवळपास प्रत्येकजण हो म्हणाला. कृषी सहायक दरवर्षी घरचं बियाणं वापरा, उगवण तपासा हे सांगत फिरतात, त्यामुळे 'हो' हे शहाण्या माणसाचं उत्तर झालंय. प्रश्न बदलला. आता प्रत्येक तुकडा वेगळा घ्यायचा: "गेल्या वर्षी या रानात जे सोयाबीन पेरलं, ते कुठून आणलं होतं?" उत्तर माणूस स्वतःच्या शब्दांत देईल, खूण आपण करायची.

एका घरी मावशी दाणे पाखडत बसल्या होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "घरचंच हाय की. माझ्या भावानं दिलंय." भावाचं गाव पंचवीस किलोमीटरवर. त्यांच्या लेखी ते घरचंच. गोदामाच्या हिशेबात मात्र ते वेगळं, कारण ते बियाणं कुणाच्या तरी साठवणुकीतून आलंय आणि पैशाविना आलंय. म्हणून पर्याय असे केले: स्वतःच्या शेतातलं राखून ठेवलेलं, नातेवाईक किंवा शेजाऱ्याकडून (उसनं, बदलीत, विकत असं वेगवेगळं), दुकानातून बॅग, महाबीज (राज्याचं बियाणे महामंडळ), आपल्या उत्पादक कंपनीमार्फत. बेरीज करताना कोणते पर्याय एकत्र धरायचे ते नंतर ठरवता येतं. विचारतानाच एकत्र केलं तर ते पुन्हा कधी सुटं होत नाही.

बॅग म्हटलं की पुढचा प्रश्न, किती किलोची. सगळ्या बॅगा एका वजनाच्या नसतात.

आणखी एक गुंता. भाव वाढायची वाट पाहत सोयाबीन अजून घरात पडून आहे. २०२३-२४ चा हमीभाव क्विंटलला ४,६०० रुपये आणि बाजारात त्याच्या आसपास किंवा खालीच. मग घरातल्या पोत्यांपैकी बियाणं कोणतं आणि माल कोणता? भाव चढला की बियाण्याचं पोतंही आडतीला जातं. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला, त्यात पिवळा मोझॅक आला, त्यामुळे मुळात पोतीच कमी. ठरवलं असं: वेगळं चाळून, बाजूला, बियाणं म्हणून ठेवलेलं असेल तेवढंच बियाणं. आणि ते डोळ्यांनी पाहायचं.

८ मे

काल मतदान झालं. मतदान होईपर्यंत घरयादीसाठी दारोदार फिरायचं नाही असं आधीच ठरवलं होतं, आज घरयादी सुरू केली. तरीही पहिल्याच ओसरीवर विचारणा झालीच: "कुण्या पार्टीकडून आलाव?"

कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी गणक म्हणून आहेत, दोन तुकड्या. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालच्या तागाच्या सर्वेक्षणात एक युक्ती वापरली होती आणि १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातही ती पुढे चालली: नमुन्याचे दोन स्वतंत्र अर्धे भाग करायचे, दोन वेगळ्या तुकड्यांना द्यायचे आणि शेवटी दोन्हींचे अंदाज ताडून पाहायचे. आम्ही सोडतीतली गावं लागोपाठच्या जोड्यांत घेतली आणि जोडीतलं एक गाव कोणत्या तुकडीला जाईल हे नाणं उडवून ठरवलं. दोन्ही तुकड्यांच्या आकड्यांत मोठी तफावत आली तर ती गावांची नसून विचारणाऱ्यांची आहे असा संशय घेता येईल.

१४ मे

घरयादीच्या वह्या तपासल्या. एका गावात ग्रामपंचायतीच्या म्हणण्यापेक्षा वीसेक घरं जास्त निघाली, सगळी शेतवस्तीवरची. एका तांड्याची वस्ती आधीच्या नकाशात नव्हतीच.

मोठ्या गावांचे तुकडे पाडले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही ३०० च्या वर घरं असली की गावाचे शंभर-दीडशे घरांचे भाग करतात, त्यातले दोन निवडतात आणि एकूण २२ घरं घेतात. आमच्याकडेही तसंच, फक्त घरं दहा.

घरयादी करताना कडा सोडायच्या नाहीत, हे मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगतेय. इथे सुखात्म्यांचं दुसरं एक काम आठवतं. पीक कापणीसाठी तेव्हा फार लहान, काही फुटांचे तुकडे घेण्याची पद्धत होती. सुखात्म्यांनी १९४६-४७ मध्ये दाखवलं की लहान तुकड्यात उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त येतं, कारण दोरीच्या कडेवर उभं असलेलं पिकाचं ताट आत घ्यायचं की बाहेर, या क्षणी हात ते आत ओढतो. तुकडा जितका लहान तितकी त्याच्या आकाराच्या मानाने कड जास्त, आणि तितकी ही ओढ भारी पडते. हजार लहान तुकडे कापले तरी ही चूक कमी होत नाही, उलट ती चूक ठाम आकडा बनून समोर येते. घरयादीत कडेचं घर आत ओढलं जात नाही, बाहेर राहतं, एवढाच फरक. गावठाणातली घरं एका सकाळी होतात. दीड किलोमीटरवरचं विहिरीजवळचं घर "उद्या करू" म्हणून राहतं. आणि घरचं बियाणं राखणारी माणसं शेतावर राहणाऱ्यांत जास्त असतील तर? म्हणून प्रत्येक वहीत शेवटची चार पानं फक्त वस्त्यांसाठी. ती कोरी असतील तर वही परत.

२१ मे

मुलाखती चालू. प्रत्येक गावात सोयाबीनवाल्या घरांच्या यादीतून पद्धतशीर, म्हणजे ठरावीक अंतराने, दहा घरं.

बंद घराबद्दल नियम एकच: शेजारचं घर घ्यायचं नाही. तीनदा जायचं, वेगवेगळ्या वेळी, एकदा तरी सकाळी साडेसातच्या आत. लग्नसराई आहे, दुपारी अर्धं गाव वऱ्हाडात असतं. गणकांना हे जड जातं, आणि ते मला कळतं. एका मुलीने विचारलं, "ताई, शेजारचे काका ओट्यावरच बसलेत, सगळं सांगतायत, त्यांना का नको?" कारण काका नेहमीच ओट्यावर असतात. भेटणाऱ्या माणसांचा नमुना हा वेळ असलेल्या माणसांचा नमुना होतो. जे घर तीनदा जाऊनही भेटलं नाही ते 'भेटलं नाही' म्हणूनच नोंदायचं. त्याची जागा पुढे भारांतून (एक घर तालुक्यातल्या किती घरांच्या वतीने बोलतं तो आकडा) भरून काढता येते. गुपचूप बदललेलं घर मात्र कधीच दिसत नाही.

२९ मे

उगवण चाचणीबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त शिकायला इथे मिळतंय.

पद्धत कृषी खात्याचीच: ओल्या गोणपाटावर १०० दाणे, दहा-दहाच्या दहा ओळी, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत, आठवडाभर ओल राखायची, मग चांगले मोड आलेले दाणे मोजायचे. ७० च्या वर आले तर बियाणं पेरायला योग्य.

आता हे शंभर दाणे म्हणजेही नमुनाच. पोत्याची खरी उगवण ७० टक्के असेल तर शंभर दाण्यांतली स्टँडर्ड एरर (नमुन्यागणिक आकडा साधारण किती हलतो ते माप) सुमारे ४.६ येते, म्हणजे अधिक-उणे ९. तेच पोतं आज ६३ दाखवेल, उद्या ७७. खरी उगवण ७५ असलेलं चांगलं पोतं सुमारे दहात एकदा ७० च्या खाली दिसेल आणि शेतकरी ते मोडीत काढेल. प्रयोगशाळेत ४०० दाणे घेतात ते याचसाठी, तिथे सैलता निम्मी, साडेचारवर येते.

एका शेतकऱ्यासाठी ही अडचण. आमच्यासाठी त्याहून मोठी. आम्हाला हवंय ते "किती घरांचं बियाणं ७० च्या खाली आहे". समजा खऱ्या उगवणीची सरासरी ७६ आहे आणि घराघरांतला खरा फरक (प्रमाण विचलन) ४ अंकांचा. तर खरोखर ७० च्या खाली असलेली घरं सुमारे ७ टक्के. पण शंभर दाण्यांच्या चाचणीचा स्वतःचा हेलकावा त्यात मिसळला की आकडे पसरतात आणि ७० च्या खाली दिसणारी घरं सुमारे १५ टक्के होतात. दुपटीहून जास्त! गावं कितीही वाढवली, घरं कितीही वाढवली, तरी हे १५ चं ७ होत नाही. सरासरी मात्र बरोबर येते, आणि म्हणूनच ही गोष्ट पटकन नजरेत येत नाही.

उपाय सोपा आहे, गोणपाटं दोन. एकाच घरातल्या बियाण्याच्या शंभर-शंभर दाण्यांच्या दोन चाचण्या. दोन गोणपाटांतला फरक म्हणजे निव्वळ हेलकावा, तो सगळ्या घरांवरून मोजायचा, घराघरांतल्या एकूण पसाऱ्यातून वजा करायचा, उरतो तो खरा फरक. दाणे काढतानाही काळजी: प्रत्येक पोत्यातून वरचे, मधले, तळचे मूठमूठ काढून एकत्र करायचे, ढीग सपाट करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा मिसळायचे, मग मोजायचे. निवडून नाही. एका घरी आजोबा मायेने टपोरे दाणे वेचून देऊ लागले. त्यांना थांबवताना अवघड वाटलं, पण पेरणीयंत्रात टपोरे आणि फुटके सगळेच पडतात.

सोयाबीनचं टरफल पातळ. मळणीयंत्राचे फेरे जोरात असले की आत तडा जातो, बाहेरून दाणा छान दिसतो. म्हणून मळणी कशी केली हाही प्रश्न फॉर्ममध्ये आहे.

७ जून

मृग लागला. शेवटच्या गोणपाटांची मोजणी संपली. ज्या घरांची उगवण कमी आली त्यांना त्याच दिवशी सांगितलं, पेरणीआधी. अहवालाची वाट पाहत बसण्याची ही गोष्ट नव्हे.

१९ जून

पेरण्या चालू आहेत, गणक आपापल्या गावी गेले. मी भारांवर.

दोन घरं घेते; हिशेब सोपा राहावा म्हणून मोठ्या गावाच्या तुकड्यांची संधी यात धरलेली नाही. पहिलं, २०११ ला ३०० घरं असलेल्या गावातलं: गावाची संधी चारात एक, सोयाबीनवाली घरं आज १५०, त्यातली १०, म्हणजे पंधरात एक. एकूण साठात एक. या घरामागे तालुक्यातली ६० घरं उभी आहेत. दुसरं, ६०० घरांच्या गावातलं: दोनात एक, १८० पैकी १०, म्हणजे छत्तिसात एक. त्याच्यामागे ३६. साधी सरासरी काढली तर दोघांना सारखं मोजलं जातं आणि मोठ्या, ऊस जास्त असलेल्या गावांचा आवाज वाढतो. पहिल्या गावात दहापैकी आठच घरं भेटली असतील तर साठचे पंचाहत्तर होतात, कारण भेटलेल्या आठांनी न भेटलेल्या दोघांचंही ओझं उचलायचं. त्यात एक गृहीत आहे, की त्या गावातली न भेटलेली घरं भेटलेल्यांसारखीच असतील. हे अहवालात त्याच पानावर लिहायचं, तळटीपेत नाही.

भार कमीजास्त असण्याची किंमतही मोजावी लागते. अर्धी घरं ६० ची आणि अर्धी ३६ ची असती तर त्या फरकापायी पसारा सुमारे सहा टक्क्यांनी वाढला असता. फार नाही. म्हणून भार छाटायची गरज नाही.

दोन तुकड्यांची तुलना केली. बियाणं कुठून आणलं यावर दोन्हींचे अंदाज जुळतात. क्षेत्रावर जुळत नाहीत: एका तुकडीच्या फॉर्मवर पूर्ण आणि अर्ध्या एकरांचे ढीग, दुसरीकडे गुंठ्यांपर्यंतच्या नोंदी. दुसरी तुकडी तुकड्यातुकड्याने विचारत बेरीज समोर करत होती. म्हणून पहिल्या तुकडीच्या गावांत क्षेत्र पुन्हा विचारायला फोन लावतोय, तेवढाच एक प्रश्न.

३ जुलै

विश्लेषण 'आर' या संगणकीय भाषेत, तिच्यातल्या 'सर्व्हे' पॅकेजने. त्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: गाव कोणतं, जोडी कोणती, भार किती. पुढे ते पॅकेज पसारा गावागावांतल्या फरकावरूनच काढतं, गावाच्या आत काय झालं ते त्यातच येतं. जोड्या वीस आहेत, म्हणून गुणक १.९६ नाही, २.०९ घ्यायचा. विद्यार्थ्यांपैकी एकाने तोच डेटा एक्सेलमध्ये साध्या सूत्राने करून आणला होता, त्याची पट्टी, म्हणजे अधिक-उणेची रुंदी, आमच्या पट्टीपेक्षा कितीतरी अरुंद दिसत होती. दोन्ही पडद्यावर शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ त्यावरच बोललो. अरुंद पट्टी दिसायला छान असते. तिच्यावर विश्वास ठेवून गोदामाचा आकार ठरवला तर पैसे शेतकऱ्यांचे जातात.

गावांतर्गत सहसंबंध धरल्यापेक्षा जास्त निघाला. भावकीत बियाणं फिरतं ते आकड्यात उतरलंय. पुढच्या वेळी गावामागे दहाऐवजी सात-आठ घरं आणि गावं थोडी जास्त, असा विचार आहे.

घरांची टक्केवारी आणि एकरांची टक्केवारी वेगवेगळी आली. एकरांची म्हणजे दोन अंदाजांचं गुणोत्तर, वरचाही डळमळतो आणि खालचाही, त्याचा पसारा वेगळ्या रीतीने काढावा लागतो. पॅकेज ते करतं, पण मी एकदा जोडीजोडीने हाताने ताडून पाहिलं. गोदामाला लागतो तो एकरांचा आकडा, प्रशिक्षणाला लागतो तो घरांचा. तक्त्यात दोन्ही, शेजारी पट्टीसह, आणि पट्टीशिवायचा आकडा कुठेच छापायचा नाही असं संचालकांनी ठरावात घेतलं.

आकडे आधी त्या चाळीस गावांत सांगायचे आहेत, म्हणून ते इथे लिहीत नाही. नागपंचमीच्या आधी सगळ्या बैठका लावू.

१० जुलै

पुढच्या खरिपाची बोलणी. बदल मोजायचा असेल तर यंदाच्या गावांपैकी निम्मी ठेवायची आणि निम्मी नवी घ्यायची, असा माझा प्रस्ताव आहे. तीच गावं पुन्हा आली की दोन वर्षांच्या अंदाजांतलं समान हलणं वजाबाकीत गळून पडतं आणि बदल जास्त स्पष्ट दिसतो. सगळीच ठेवली तर नवी गावं कधी दिसत नाहीत, आणि तीच घरं वर्षानुवर्षं विचारून लोकही कंटाळतात. ठेवलेल्या वीस गावांत घरयादी मात्र पुन्हा करायची, दिवाळीनंतर, रास घरात आल्यावर. कोणतं पोतं बियाण्याचं म्हणून बाजूला निघालं ते तेव्हाच दिसेल. वस्त्यांच्या पानांसाठी या वेळी जाड वह्या मागवल्या आहेत.